करडीच चांगली

ता. ९ जानेवारी

चि. पान्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

सामानाच्या गाडीबरोबर धाडलेलं तुझं पत्र मिळालं. तुमच्या धरणाच्या कामावर अजून फोन लागत नाही हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर बरंच वाटलं. फोनवर तू माझा आवाज ऐकताच ओळखलं असतंस, आणि मग मलाच तुझी समजूत काढत बसावं लागलं असतं. कागदावर माझा आवाज अजून ठणठणीत आहे.

तर वाईट बातमी आधी उरकून टाकते. दुखणं हाडांत उतरलं आहे. कंबर आणि डाव्या मांडीचं हाड. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. हाड दिसायला हवं तिथे नुसतं पुसट पुसट होतं. औषधाने दुखणं आटोक्यात राहील, बरं होणार नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं आणि मलाही ते सरळच बरं वाटलं. मी विचारलं की आईकडे एकदा जाऊन येऊ का. तर म्हणाल्या, बसता येतंय तोवर जाऊन या. ते ‘बसता येतंय तोवर’ मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होते.

आईला यातलं काही माहीत नाही. तिच्या लेखी माझी पाठ धरली आहे. तिला पत्र शेजारीण वाचून दाखवते, आणि ही बातमी मला शेजारणीच्या तोंडून पोचवायची नाही. डोळे गेल्यापासून आईचा हात लावल्याशिवाय कशावरही विश्वास बसत नाही, हे तुला ठाऊक आहे. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवावा आणि मग मी सांगावं, एवढंच माझं मागणं आहे. तिलाच खाली आणू म्हणशील, तर खुब्यात सळई घातल्यापासून खाणीच्या त्या रस्त्याने तिला न्यायची बंदी आहे. म्हणजे रस्ता एकच आणि त्याच्या दोन्ही टोकांना हाडं मोडलेल्या बायका. खाणीवर मुकादम असताना बाबांनी काम जवळ पडावं म्हणून तिथे घर बांधलं. आपल्याला म्हातारपण आणि दुखणी येतील हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

भाड्याची गाडी खाणीच्या फाटकापाशी थांबते, पुढे येत नाही. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर रस्ता बघून आला आणि खालची जबाबदारी घेतो, वरची घेत नाही, म्हणाला. म्हणून तुझे दाजी पिकअप घेतायत. तसाही जुना टेम्पो मेलाच आहे आणि गिऱ्हाइकांकडे दारं-खिडक्या पोचवायला गाडी लागतेच. डबल केबिनची घ्यायची, म्हणजे मागच्या सीटवर मी आणि हौद्यात दारं. तीन गाड्या हेरून ठेवल्या आहेत. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून शोरूममध्ये ज्या रंगाच्या उभ्या होत्या त्याच रंगाने आम्ही त्यांना हाक मारतो. लाल, पांढरी आणि करडी. खरी नावं दाजींनी पत्रामागे लिहून दिली आहेत.

दाजींचं तुला माहीतच आहे. बिजागरी घ्यायची तरी तीन दुकानं पालथी घालतात. आपल्या घराचं दार बसवायला आले होते, तेव्हा मला विचारायलाही त्यांनी अख्खा उन्हाळा घेतला. दार तर केव्हाच बसलं होतं, तरी रोज येऊन ते घासत बसायचे. तेव्हा मजा वाटायची. आता तेवढा वेळ नाही. तू त्यांना लिही, गाड्यांच्या बाबतीत ते तुझं ऐकतात.

जेवत जा वेळेवर. ताईवरचा जीव आहे तसाच ठेव.

तुझी
ताई

•

ता. १९ जानेवारी

ती. ताईस,
पान्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्कशॉपमध्ये वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर उठून मातीच्या ढिगाऱ्यामागे जाऊन बसलो. साहेब शोधत आले, तर डोळ्यांत ग्रीस गेलं असं सांगितलं. त्यांनी डोळे धुवायला पाठवलं. ताई, मला राग आला आहे. तुझ्यावर नाही. कोणावर ते कळत नाही.

रडून झालं, आता कामाचं लिहितो. पिकअप ही मुळात माणसासाठी केलेली गाडी नाही, ओझ्यासाठी केलेली आहे. बहुतेकींना मागे पाटे असतात, बैलगाडीसारखे म्हण, लोखंडी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या. हौद्यात वजन असलं की ते दबतात आणि गाडी शहाण्यासारखी चालते. हौदा रिकामा असला की गाडी उधळते आणि प्रत्येक खड्डा मागच्या सीटवरच्या माणसाच्या थेट कमरेत जातो. म्हणून कुठलीही घेतलीत तरी वर जाताना मागे वजन टाका. दाजींकडे लाकूड आहेच.

तुमच्या तिघींपैकी लाल मी चांगली ओळखतो, इथे कामावर आहे. इंजीन दांडगं, हौदा लांब, चढावर खाली बघायला नको. पण मागच्या सीटची पाठ सरळसोट उभी आहे. मुलाखतीला बसल्यासारखं बसावं लागतं. बाकीच्या दोघींचं माहितीपत्रक दाजींना पाठवायला सांग. मला अजून नीट बघायचं आहे.

तोवर तू औषध चुकवू नकोस. तू लहानपणी माझ्या गोळ्या गुळाच्या खड्यात लपवून द्यायचीस, आता तुला कोण देणार याची मला काळजी आहे.

माझ्यावर लोभ ठेवायला तुला सांगावं लागत नाही, तरी लिहितो.

तुझा
पान्या

•

ता. ३० जानेवारी

प्रिय मेहुण्यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र हिने मला वाचायला दिलं. ढिगाऱ्यामागची ओळ वाचून मीही थोडा वेळ काम थांबवलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, मला ते जमत नाही. माहितीपत्रकं सोबत जोडली आहेत.

मी काय केलं आहे ते सांगतो. हसू आलं तर हसा. आमच्या धंद्यात चांगल्या लाकडाला करवत लावण्याआधी हलक्या लाकडात नमुना ठोकून पाहतात. नमुना चौकटीत बसला तरच पुढचं काम. तसा मी तिन्ही गाड्यांच्या मागच्या सीटचा नमुना केला. शोरूममध्ये मीटरपट्टी घेऊन सीटची उंची, पाठीचा कल, गुडघ्यापुढची जागा, दार किती उघडतं, पायरी जमिनीपासून किती वर, हातात धरायची मूठ कुठे, सगळं मोजलं. लालवाल्यांचा विक्रेता मला इंजिनाचा टॉर्क आणि मोठ्या स्क्रीनबद्दल सांगत होता आणि मी दाराच्या खाचेत पट्टी घालून उभा होतो. शेवटी त्याने मॅनेजरला बोलावलं.

आता वर्कशॉपमध्ये खोक्यांच्या लाकडाची तीन बाकं ओळीने मांडलेली आहेत, पुढे पायऱ्यांसकट. वर तेवढ्याच जाडीचा फोम टाकला आहे. ही दुपारी येते, पायरी चढते, आळीपाळीने तिन्हींवर बसते आणि मी रंधा मारता मारता हिच्याकडे बघतो. लालच्या पायरीवर डावा पाय उचलताना हिला त्रास होतो, म्हणून लाल काढून टाकली. पांढरीची पायरी सगळ्यांत खाली. करडीची पायरी थोडी वर आहे, पण सीटची पाठ कललेली आहे आणि दार जवळजवळ काटकोनात उघडतं, त्यामुळे हिला तिरकं बसवून पाय मागून आत घेता येतात.

पांढरी शोरूमच्या आवारात उभी आहे, कागदपत्रं झाली की मिळेल. करडीला महिनाभराची प्रतीक्षा आहे. ही म्हणते पांढरी घ्या. पण तुम्ही तुमच्या बहिणीला ओळखता. हिने आजवर दोन वस्तूंतली चांगली वस्तू स्वतःसाठी कधी मागितलेली नाही. फुटका कप हिचा, करपलेली पोळी हिची. तेव्हा हिच्या म्हणण्यावर मी जाणार नाही, तुमच्या म्हणण्यावर जाईन. चाकाखालचं मला कळत नाही. माझा नमुना जमिनीवर उभा आहे आणि जमीन हलत नाही, एवढी एक त्यातली खोट मला दिसते. पांढरी की करडी, ते स्पष्ट कळवावं.

आपला स्नेह आहे तो वाढता राहावा.

आपला
सुतार

•

ता. ६ फेब्रुवारी

चि. पान्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र दाजींना न दाखवता लिहिते आहे. ते लाकडाच्या वखारीत गेलेत.

त्या तीन बाकांचं त्यांनी तुला कळवलं असेलच. पहिल्या दिवशी मला इतकं हसू आलं की बसताच येईना. शेजारपाजारचे येऊन बघून जातात. एकीने विचारलं की बालवाडी काढताय का. मी लालवर बसले की हे हळूच विचारतात, दुखतंय का. पांढरीवर बसले की विचारतात, आता. करडीवर बसले की काही न विचारता नुसते बघत राहतात, कारण मनातून त्यांना करडी आवडली आहे.

पान्या, तुला म्हणून सांगते. मला तिन्हींवर सारखंच दुखतं. उभं राहिलं तरी दुखतं. हे दुखणं बाकाच्या कलाने कमी होणारं नाही, पण त्यांना ते सांगायचं कसं. इतक्या मन लावून कोणी माझ्यासाठी काही करत असताना त्याला हे निरुपयोगी आहे असं तोंडावर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि मी पांढरी घ्या म्हटलं की ते समजतात मी मन मारते आहे. करपलेल्या पोळीचं त्यांच्या डोक्यात बसलंय. मला करपलेली पोळी आवडते रे. इतक्या वर्षांत त्यांना ते पटवता आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी निवडायचे, आज उभ्यानेच निवडली. बसायची वेळ रोज थोडी थोडी कमी होते आहे. त्यांना हे दिसत नाही, कारण त्यांच्यासमोर मी दात आवळून बसून दाखवते. चूक माझीही आहे.

तेव्हा एक कर. ते तुला विचारणार आहेत, पांढरी की करडी. तू डोळे मिटून पांढरी लिही. तीच उत्तम म्हण, मेकॅनिक लोक तीच घेतात म्हण, काय वाटेल ते म्हण. पांढरी आवारात उभी आहे. ती घेऊन पंधरवड्याच्या आत मी आईच्या दारात असेन. धक्के बसतील ते बसतील. मी कुठे काचेची आहे, आणि असले तरी तडकायचं ते तडकून झालं आहे. लहानपणी तू माझ्यासाठी बाबांशी ढीगभर खोटं बोललास, अजून एक बोल.

दाजींचं पाऊल वाजलं. आता इथेच थांबते. एवढं ऐकशील ना.

तुझी
ताई

•

ता. १६ फेब्रुवारी

ती. दाजींस,
सा. न. वि. वि.

माहितीपत्रकं मिळाली, सगळी वाचली. दोन रात्री नीट झोप लागली नाही, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. आमच्या कामावर नुकतीच एक पांढरी आली आहे, ती पाण्याच्या पंपांची ने-आण करते. काल मुद्दाम ती मागून घेतली, मागे सिमेंटची पोती टाकली आणि मीच मागच्या सीटवर बसून ड्रायव्हरला खडीच्या रस्त्याने चालवायला सांगितलं. पोत्यांमुळे उधळली नाही, पण खड्ड्यात गेली की पाटे खालून ठोसा मारल्यासारखे वर येतात. माझी कंबर निरोगी आहे, तरी संध्याकाळी वाकता येत नव्हतं. त्या जागी ताईला बसवून बघितलं, मनातल्या मनात, आणि पुढे विचार करवला नाही.

करडीला मागेही कॉइल स्प्रिंग आहेत, मोटारीसारखे. खड्डा आला की चाक खाली जातं, सीट जागेवर राहते. गिअर आपोआप पडतात, त्यामुळे चढावर क्लच सोडताना बसतो तो हिसका नाही. उतारावर ब्रेक स्वतःच धरून गाडी हळू सोडते. हौदा पांढरीपेक्षा किंचित लहान आहे, तुमची मोठी दारं तिरकी ठेवावी लागतील. पण माणूस न्यायचा असेल तर या तिघींत करडीच चांगली, हे मी कोणालाही लिहून देईन. महिनाभराची प्रतीक्षा असेल तर करावी. शोरूमवाल्यांच्या मागे लागा म्हणजे आधीही मिळेल.

आपली माया अशीच असू द्यावी.

आपला
पान्या

(हा कागद घडी करून ताईला द्यावा, ही विनंती.)

ताई, तू सांगितलंस ते मी केलं नाही. पेन हातात धरून पांढरी असं दोनदा लिहिलं आणि दोन्हीदा फाडलं. त्या रस्त्यावर तुझं हाड गाडीतच मोडलं तर जन्मभर ते माझ्या अक्षरात राहील. आणि खरं सांगायचं तर वाईट गाडीला चांगली म्हणायला माझा हातच चालला नाही. तू म्हणशील, मोठा आला मेकॅनिक. महिन्याचाच प्रश्न आहे. तेवढं धर.

•

ता. २ मार्च

पान्या,

आशीर्वाद आहेत, ते मागे घेता येत नाहीत म्हणून आहेत.

हे पत्र मी पडून लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं आहे ते समजून घे. सोमवारपासून बसता येत नाही. पाठीला उशी लावून टेकलं तरी मांडीतून कळ निघते ती दातांपर्यंत जाते. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं ते ‘तोवर’ संपलं. करडी अजून आलेली नाही. शोरूमवाले आधी म्हणाले बंदरात आहे, मग म्हणाले कारखान्यात आहे. कारखान्यात असेल तर बंदरात कशी होती, हे दाजींनी विचारलं तर म्हणाले चौकशी करून सांगतो. पांढरी एका दूधवाल्याने नेली. परवा आमच्या गल्लीतून गेली. पाटे वाजत होते.

मी तुझ्यावर रागावले आहे हे तुला कळावं म्हणून लिहिते. रागावून बसायला मला फार दिवस नाहीत, म्हणून लगेच लिहून टाकते. माझं हाड मोडेल म्हणून तू घाबरलास. पान्या, ते तसंही मोडणारच होतं. ते आईच्या दारात मोडलं असतं तर काय बिघडणार होतं. तुम्हा दोघांना मला जपून न्यायचं होतं, मला नुसतं जायचं होतं. एवढा साधा फरक दोन हुशार माणसांना कळू नये याचं मला राहून राहून नवल वाटतं.

दाजींशी मी यातलं काही बोललेले नाही. ते बिचारे आता करडीच्या नमुन्याची पाठ काढून आडवी करता येईल का ते बघतायत. तूही बोलू नकोस. त्यांनी विचारलं होतं आणि तू खरं सांगितलंस, एवढंच त्यांना माहीत असू दे.

आता मला एकच सांग. हौद्यात गादी टाकून मला आडवी नेता येईल का. मागचा फाळका खाली पाडला तर माझी लांबी मावते, हे दाजींनी मोजलं. कुठलीही गाडी चालेल. आईचं पत्र आलं आहे. शेजारणीकडून लिहून घेतलंय की पाठीला तेल लाव आणि बरं वाटलं की ये.

राग गेला की कळवीन. माया कमी झालेली नाही, ती रागाच्या खाली आहे.

ताई

•

ता. ११ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी खिशात घेऊन फिरतो. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी कामावरची पांढरी चार दिवसांसाठी माझ्या ताब्यात दिली आहे. हो, पांढरीच. हौद्यात खाली वाळूची पोती पसरतो, त्यावर फळ्या, त्यावर दोन गाद्या. वाळू धक्का खाते, पोती हलत नाहीत, पाटे दबून राहतात. वर ताडपत्रीचं छप्पर बांधतो. पायाशी मी बसेन, उशाशी दाजी, आणि खाणीच्या रस्त्याने माणूस चालतो त्या वेगाने गाडी नेऊ. शनिवारी दुपारपर्यंत पोचतो, रविवारी सकाळी निघू. आईला मी काही कळवत नाही, तूच सांग.

शनिवारपर्यंत तेवढं थांब.

तुझा
पान्या

•

ता. ९ एप्रिल

प्रिय मेहुण्यांस,
स. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी मिळाली. गाडी आली का, एवढंच तुम्ही विचारलंत. कशी आहे ते विचारलं नाहीत. ते का विचारलं नाहीत हे समजतं, पण सांगायला मला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहितो.

आधी एक राहिलेलं. त्या शनिवारी तुम्ही वाळू घेऊन दारात उतरलात तेव्हा ही आदल्या संध्याकाळीच गेलेली होती, आणि त्या गडबडीत एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. तुमचं शेवटचं पत्र हिला मिळालं होतं. मी वाचून दाखवलं. हिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, त्याला विचारा वाळू कोरडी आहे ना, नाहीतर गाद्या ओल्या करील. राग गेला असं तुम्हाला कळवायला सांगितलं होतं. कळवायला उशीर झाला.

करडी मार्चच्या शेवटी आली. नाही म्हणणार होतो, पण टेम्पो नाही आणि गिऱ्हाइकांची दारं खोळंबली आहेत, म्हणून घेतली. आईंना सांगायचं काम तुमच्याच्याने झालं नाही आणि तुम्ही खालूनच कामावर परत गेलात, त्यात वावगं काही नाही. मीही गाडी येईपर्यंत थांबलो ते गाडीसाठी नाही, धीर होत नव्हता म्हणून. गेल्या रविवारी वर गेलो. हौद्यात मुद्दाम काही टाकलं नाही. रिकामी कशी चालते ते बघायचं होतं. मागच्या सीटवर पाण्याची बाटली उभी ठेवली होती. खाणीच्या फाटकापासून घरापर्यंत ती एकदाही पडली नाही.

आईंनी इंजिनाचा आवाज ऐकून भिंत धरत दार गाठलं होतं. कोण आहे विचारलं, मी सांगितलं. त्यांनी माझ्या शेजारी हवेत हात पुढे केला आणि तो तसाच धरून ठेवला. मी तो हातात घेतला आणि सांगितलं. मला शब्द जुळवता येत नाहीत, त्यामुळे एका वाक्यात सांगून झालं. पाठीचं दुखणं कधीच पाठीचं नव्हतं, हेही सांगितलं. त्यांनी भिंतीवरचा हात काढला. मग म्हणाल्या की मला गाडी दाखव.

हाताने बॉनेट बघितलं, दार बघितलं, मूठ बघितली. ही कुठे बसणार होती ते विचारलं. सळईची भीती मला होती, पण त्यांनी ऐकलं नाही. दार पूर्ण उघडतं, पाय मागून घेता येतात, म्हणून बसवता आलं. बाटली काढून मांडीवर धरली आणि चालव म्हणाल्या. खाणीच्या पहिल्या वळणापर्यंत नेऊन परत आणलं. सगळा वेळ त्यांनी दुसरा हात शेजारच्या रिकाम्या सीटवर टेकलेला होता. परत आल्यावर म्हणाल्या, कुठेच दुखलं नाही. आणि मग विचारलं, इतकी मऊ गाडी होती तर तिला आणलं का नाही.

मी म्हटलं, गाडी उशिरा आली. त्यावर त्या म्हणाल्या की मग मिळेल त्या गाडीत घालून आणायची होती, तिला दुखलं असतं तर मी होते ना. त्या रागावल्या नव्हत्या. एखाद्याला साधी गोष्ट समजावून सांगावी तशा म्हणाल्या. हिनेही सुरुवातीला हेच सांगितलं होतं, पांढरी घ्या म्हणून. मी ते करपलेल्या पोळीसारखं समजलो.

वर्कशॉपमधली बाकं मोडायला घेतली. लाल मोडली. करडी मोडली, तिचा कल मी इतका अचूक साधला होता की खरी सीट आणि नमुना यांत बोटाचाही फरक नाही. पांढरी मोडली नाही. ही बसता येत होतं तोवर दुपारचा चहा तिच्यावरच बसून घ्यायची, पायरी खाली होती म्हणून. बाकांचं ऐकल्यावर आईंनी ती मागितली आहे. पुढच्या रविवारी वर नेऊन त्यांच्या दारात ठेवीन. तुम्हाला रजा मिळाली तर बरोबर चला, त्या तुमची वाट बघतात.

गाडीबद्दल म्हणाल तर ती उत्तम आहे. चढावर हिसका नाही, उतारावर स्वतःच धरते, खड्डा कळत नाही. तुम्ही लिहिलं होतंत त्यातला एक शब्दही खोटा निघाला नाही.

ही नसली तरी तुमचं येणं-जाणं राहू द्यावं.

आपला
सुतार